बोर्डावर माझं नाव टाकतायत, सही करू का?

प्रश्न: आमचा काजूचा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड. डायरेक्टर तिघे, सासरे, दीर आणि माझा नवरा. आता सीए म्हणतात एक बाई घ्या, कायद्यानं लागते आणि बँकेतही बरं दिसतं, म्हणून माझं नाव. नवरा म्हणतो बाई बोर्डावर आली की धंदा वाढतो असा रिसर्च आहे. खरंच वाढतो? मी बी.कॉम. आहे, पण लग्नानंतर हिशोबाला हात लावला नाही.
एक वाचक, फोंडा

उत्तर: ताई, आधी कायद्याचं सांगते कारण गडबड तिथेच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात एक बाई डायरेक्टर हवीच असं आहे, पण ते शेअर बाजारात लिस्ट झालेल्या कंपन्यांना, आणि लिस्ट नसली तरी १०० कोटींचं भांडवल किंवा ३०० कोटींची उलाढाल असलेल्या पब्लिक कंपन्यांना. प्रायव्हेट लिमिटेडला नाही. म्हणजे तुमचं नाव कायद्यासाठी नकोय, मग कशासाठी हवंय ते घरात विचारा.

नफ्याचं म्हणाल तर नवरोबांनी अर्धंच वाचलंय. नॉर्वेनं २००३ मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या बोर्डावर ४० टक्के बायका आणल्या, त्यावर एका अभ्यासात कंपन्यांची किंमत घसरली असं निघालं, नंतरच्या दुसऱ्यात तसा काही ठोस परिणाम सापडला नाही. २०१५ मध्ये १४० अभ्यास एकत्र करून पाहिले तर नफ्याशी संबंध निघाला, पण अगदी थोडा. आणि ज्या कंपन्या आधीच चांगल्या चालतात त्याच बायकांना घेत असतील, हेही असू शकतं ना. मला विचाराल तर बाईला घ्यायला नफ्याचं कारण लागावं हेच मला पटत नाही, पुरुषांना घेताना कोण बघतं? एक गोष्ट मात्र मला आवडली, अमेरिकन कंपन्यांच्या २००९ च्या अभ्यासात बायका मीटिंगा कमी चुकवतात असं दिसलं आणि बोर्डावर बायका जास्त असल्या की पुरुषांची हजेरीपण सुधारते :)

आता सही. आपल्या गोव्यात जमीन विकताना बायकोची सही लागते, त्यामुळे दाखवतील तिथे सही करायची सवय आपल्याला असते, पण तिथे निदान अर्धा हिस्सा आपला असतो. इथे हिस्सा असेलच असं नाही, जबाबदारी मात्र पूर्ण. कंपनीनं जीएसटी थकवला आणि तिच्याकडून वसूल झाला नाही तर प्रायव्हेट लिमिटेडच्या डायरेक्टरांवर येऊ शकतो, आणि हलगर्जीपणा आपला नव्हता हे आपणच सिद्ध करायचं. कंपनीनं कंपनी कायद्याखालचे वार्षिक रिटर्न सलग तीन वर्षं भरले नाहीत तर पाच वर्षं कुठल्याच कंपनीत डायरेक्टर होता येत नाही. 'मला काय माहीत, मी घरी होते' हे तिथे चालत नाही.

व्हायचंच असेल तर मीटिंगची नोटीस सात दिवस आधी लेखी मागा, आणि ठराव पटला नाही तर तुमचा विरोध मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत, नावानिशी लिहून घ्या, तो तुमचा हक्क आहे. जेवणाच्या टेबलावर झालेली चर्चा म्हणजे बोर्ड मीटिंग नव्हे, घरच्या कंपन्यांत हेच चालतं.

सहीआधी गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि जीएसटीची रिटर्न्स मागून घ्या. दिली तर बसून वाचा, बी.कॉम. आहात, दोन दिवसांत हात बसेल. 'तुला कशाला ते' असं उत्तर आलं तर सही करू नका.