गिझरला स्मार्ट प्लग लावूनही बिल तेवढंच? आधी लाईट जाऊन आल्यावर काय होतं ते बघा

दादा, तुमची चाळीसगावची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं समोर आलं. तुमच्याकडेही तेच: २५ लिटरचा गिझर, वायफायचा प्लग, पहाटेची वेळ लावलेली, तरी बिल हलत नाही, आणि कंपनीचा माणूस म्हणतो थर्मोस्टॅट बदला. थर्मोस्टॅटला एक रुपयाही देऊ नका, आधी हे करून बघा.

गिझर बंद असायच्या वेळी, म्हणजे दुपारी, त्याच्या लाइनची एमसीबी (बोर्डातला फ्यूजच्या जागचा स्विच) खाली करा, मिनिटभर थांबा आणि वर करा. प्लगमधून ‘टक्’ आवाज आला आणि गिझरचा लाल दिवा लागला, तर दुखणं सापडलं. काही प्लग कंपनीतूनच असे येतात की लाईट आली की स्वतःहून चालू. आपल्याकडे लाईट किती वेळा ये-जा करते ते सांगायला नको. सकाळी वेळेवर बंद झालेला गिझर अकरा वाजता लाईट आली की गुपचूप चालू होतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तसाच राहतो. आत थर्मोस्टॅट असतो म्हणून सलग जळत नाही, पण टाकी थंड होईल तशी पुन्हा तापवत बसतो. टाकी जुनी असेल आणि दिवसाला एक युनिट असं वाया जात असेल, तर महिन्याला तीस झाले. तेवढ्यात १०० किंवा ३०० युनिटांची पायरी ओलांडली, तर वरची युनिटं महागड्या दराने लागतात.

हे मला माझ्या गिझर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने कधीच सांगितलं नाही. नाव लिहीत नाही. फोन केला की आधी व्हिजिट चार्ज, मग ‘थर्मोस्टॅट वीक आहे’, मग ‘इलेमेंटवर क्षार बसलाय’. दर वेळी नवा माणूस, आणि आधीच्याने काय केलं ते त्याला ठाऊक नाही. पार्ट बदलून बिल तेवढंच येतंय म्हणून काउंटरवर गेलो, तर जॉब शीट पुढे केली, त्यावर ‘ग्राहक समाधानी’ आधीच टिक केलेलं. सही करा, नाहीतर तक्रार बंद होणार नाही म्हणे! प्लग तुम्ही बाहेरून लावला, आता वॉरंटीचं आमच्याकडे विचारू नका, हे वर ऐकून घेतलं. आजही आठवलं की डोकं तापतं. शेवटी गल्लीतल्या वायरमनने एमसीबी खालीवर केली आणि म्हणाला, “गिझर बरोबर शे भाऊ. लाईट उनी का हाऊ प्लग आपोआप चालू व्हस.” त्याने पैसेही घेतले नाहीत.

उपाय साधा आहे. प्लगच्या अ‍ॅपमध्ये ‘पॉवर ऑन स्टेट’ किंवा ‘रिले स्टेटस’ अशी सेटिंग असते (लाईट आल्यावर प्लगने काय करायचं ते ठरवणारी), ती ‘ऑफ’ करा. ‘लास्ट स्टेट’ ठेवू नका. साडेपाचला गिझर चालू असताना लाईट गेली आणि साडेसातला आली, तर सहाची बंद करायची वेळ निघून गेलेली असते. प्लगला शेवटचं ‘चालू’ आठवतं आणि तो चालूच राहतो. शिवाय, कधीही चालू झाला तरी ४० मिनिटांनी बंद, असा नियम प्लगच्या आतच बसत असेल तर लावून ठेवा, कारण लाईट आल्यावर राउटर उठायला वेळ लागतो आणि नेमका तेवढ्यात इंटरनेटवरून येणारा हुकूम चुकतो. असली सेटिंगच नसेल तर तो प्लग गिझरला वापरू नका. त्यापेक्षा बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा डिजिटल टायमर आणि कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर जड लोड चालू-बंद करणारा स्विच) बरा, हे माझं ठाम मत. त्याला ना अ‍ॅप लागतं ना पासवर्ड.

एक मात्र खरं, ऑटोमेशनने फक्त वाया जाणारी वीज वाचते. २० अंशांचं २५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण १.१६ युनिट लागणारच. दोन किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी ३५ मिनिटं पुरतात, म्हणून एरवी पाऊण तासापेक्षा जास्त वेळ लावूच नका. धुळ्यात पारा पाच-सहावर येतो तेव्हा ही वेळ आणि वरची ४० मिनिटं थोडी वाढवा. होळीनंतर तर गिझरची एमसीबीच पाडून ठेवा. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी तसंही हात भाजतं.

क्षाराने बिल दुप्पट होतं यावर माझा विश्वास नाही. इलेमेंट पाण्यातच असतो, उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण बोअरच्या पाण्याने इलेमेंट जळतो आणि टाकी सडते हे खरं. म्हणून दिवाळीआधी टाकी साफ करून घ्या आणि टाकीऐवजी स्वतः झिजणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड किती उरलाय ते विचारा. तो रॉड आपणहून कोणी दाखवत नाही.

स्मार्ट मीटर बसला असेल तर जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटांवर सवलत आहे. संध्याकाळी अंघोळ करणारं कोणी असेल तर सव्वाचारला पाणी तापवून ठेवा. पाच वाजल्यानंतर लावू नका.

मी इलेक्ट्रिशियन नाही, त्यामुळे वायरिंगचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. प्लगवर १६ अँपिअर लिहिलेलं हवं, गिझर ३ किलोवॅटचा असेल तर तो १३ अँपिअर ओढतो आणि हलका प्लग वितळतो. अर्थिंग आणि ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर आधी ती बसवा, स्मार्ट वगैरे नंतर.

एमसीबीची चाचणी करून काय झालं ते लिहा, आणि गिझरच्या स्टार लेबलचा फोटो टाका. त्यावर २४ तासांत किती वीज नुसती वाया जाते तो आकडा असतो. तो बघितला की तुमचा गिझर ठेवायचा की बदलायचा ते सांगता येईल.