‘आहे का?’ विचारताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पायथनमध्ये माझ्याकडे 10 लाख क्रमांकांची लिस्ट आहे. दुसऱ्या फाइलमधला प्रत्येक क्रमांक तिच्यात आहे का, हे ‘इन’ने तपासतो. प्रोग्रॅम संपता संपत नाही. सगळे जण लिस्टऐवजी सेट (प्रत्येक मूल्य एकदाच ठेवणारा संग्रह) वापरायला सांगतात. त्याने फरक का पडतो?

उत्तर: कोणतं मूल्य कुठे आहे, हे लिस्टला माहीत नसतं. ती पहिल्यापासून एकेक ताडून पाहते आणि क्रमांक नसेलच तर 10 लाख तुलना करून मगच ‘नाही’ म्हणते. सेट मूल्यावरून हॅश हा पूर्णांक काढतो, त्यावरून कप्पा ठरवतो आणि थेट तिथेच पाहतो. त्यामुळे घटक हजार असोत की 10 लाख, सरासरी वेळ जवळपास तेवढाच लागतो.

फक्त सेट लूपच्या बाहेर, एकदाच बनवा. लूपच्या आत बनवलेला सेट मी अनेकांच्या कोडमध्ये पाहिला आहे. तिथे दर फेरीला 10 लाख घटक नव्याने रचले जातात आणि काम लिस्टपेक्षाही हळू होतं.

प्रश्न: जावामध्ये हॅशसेटमध्ये एक ऑब्जेक्ट टाकला. सेट छापला तर तो दिसतो, पण ‘आहे का?’ विचारणारं ‘कंटेन्स’ फॉल्स (‘नाही’) देतं. हा जावाचा बग आहे का?

उत्तर: नाही. सेटमध्ये टाकल्यावर तुम्ही त्या ऑब्जेक्टचं एखादं फील्ड बदललं असावं, बहुधा ‘हॅशकोड’ (ऑब्जेक्टचा हॅश) ज्यावरून काढला जातो तेच. ऑब्जेक्ट जुन्या हॅशच्या कप्प्यात बसलेला असतो, शोध मात्र नव्या हॅशने होतो. योगायोगाने कप्पा तोच निघाला तरी उपयोग नाही, कारण टाकतानाचा हॅश शेजारी नोंदवलेला असतो आणि आधी तोच जुळवला जातो. छापताना सगळे कप्पे ओळीने वाचले जातात, म्हणून ऑब्जेक्ट दिसतो. ‘रिमूव्ह’लाही तो सापडणार नाही. अशी फील्डं ‘फायनल’ (नंतर न बदलता येणारी) ठेवा. नाहीतर ऑब्जेक्ट आधी काढा, मग बदला आणि पुन्हा टाका.

फील्ड बदललं नसेल, तर ‘इक्वल्स’ (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का, हे ठरवणारी मेथड) लिहून ‘हॅशकोड’ लिहायचा राहिला आहे का, ते बघा. तसं असेल तर तंतोतंत तीच मूल्यं असलेल्या नव्या ऑब्जेक्टने शोधलं तरी उत्तर बहुधा ‘नाही’च येतं. घटक क्रमाने ठेवणाऱ्या ट्रीसेटचा नियम आणखी वेगळा आहे. तो ‘इक्वल्स’ न विचारता लहान-मोठं ठरवणारं ‘कंपेअरटू’ विचारतो. म्हणून बिगडेसिमल या दशांश संख्यांच्या प्रकारातले 2.0 आणि 2.00 ट्रीसेटला एकच वाटतात, हॅशसेटला दोन. वेगाआधी हे ठरवायला हवं: तुमच्या प्रोग्रॅममध्ये ‘तेच’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: जावास्क्रिप्टच्या एकाच ॲरेत ‘इंडेक्सऑफ’ला नॅन (‘ही संख्या नाही’ असं सांगणारं मूल्य) सापडत नाही, ‘इन्क्लूड्स’ला सापडतो. असं का?

उत्तर: नॅन स्वतःशीही समान नसतो. ‘इंडेक्सऑफ’ कडक समानता वापरतं, म्हणून -1, म्हणजे ‘सापडला नाही’, देतं. 2016 मध्ये भाषेत आलेल्या ‘इन्क्लूड्स’च्या नियमात मात्र नॅन नॅनशी जुळतो.

प्रश्न: 5, 6, 7 अशा ॲरेत जावास्क्रिप्टचा ‘इन’ 5 नाही म्हणतो आणि 2 आहे म्हणतो!

उत्तर: तो मूल्य बघत नाही, इंडेक्स (घटकाच्या जागेचा क्रमांक) बघतो. इथे इंडेक्स 0, 1, 2 आहेत. मूल्यासाठी ‘इन्क्लूड्स’ वापरा.