रॅटाटुई: उंदीर दोन पायांवर कधी उभा राहतो ते बघा

आठ वर्षांच्या मुलीला 'रॅटाटुई' हा सिनेमा दाखवावा का, आणि २००७ सालचं अ‍ॅनिमेशन आता जुनाट दिसेल का, असे दोन प्रश्न विचारलेत तुम्ही. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: बेलाशक दाखवा. फक्त दोन ठिकाणी तिच्या जवळ बसा. सुरुवातीला एक म्हातारी बंदूक घेऊन उंदरांच्या मागे लागते, आणि पुढे एका दुकानाच्या काचेआड मेलेले उंदीर टांगलेले दिसतात. (असं दुकान पॅरिसच्या ले आल भागात खरोखरच आहे.)

दुसऱ्याचं उत्तर जरा लांबणार. काही माणसांची कातडी आता रबरी वाटते, हे मान्य. पण रेमीच्या, म्हणजे स्वयंपाकाचं वेड असलेल्या नायक उंदराच्या, हालचालींवर एक ओरखडा नाही. हा सिनेमा आधी यान पिंकावा करत होता, मग पिक्सार स्टुडिओने तो ब्रॅड बर्डकडे सोपवला. बर्डने उंदरांना पुन्हा चार पायांवर आणलं. मग रेमी तेवढा दोन पायांवर का? ज्या हातांनी खायचं ते मातीत टेकवायचे नाहीत म्हणून, असं तो स्वतःच थोरल्या भावाला, एमिलला सांगतो. गंमत अशी की हे एक वाक्य अ‍ॅनिमेटरांनी सिनेमाभर पाळलंय. घाबरला की हा चार पायांवर, डोक्यात स्वयंपाक शिरला की दोन. तो पहिल्यांदा हॉटेलच्या मुदपाकखान्यात पडतो तो प्रसंग बघा. पायांखालून, भांड्यांमधून नुसता उंदीर पळत असतो. खिडकी गाठतो, सुटलाच म्हणायचा, तेवढ्यात बिघडलेल्या सूपचा वास येतो. तिथून पुढे तो पळपुटा उंदीर उरत नाही, आचारी होतो.

तसाच सेन नदीकाठचा प्रसंग. हॉटेलातला नवखा पोरगा लिंग्विनी बरणीत कोंडलेल्या रेमीपुढे आपलं रडगाणं गातोय. माणसांना उंदरांची नुसती चीं-चीं ऐकू येते, त्यामुळे रेमीला इथे संवादच नाही. मान, खांदे, कान, बस्स. एवढा भाग आवाज बंद करून मुलीला दाखवा. रेमी काय म्हणतोय ते ती बरोबर सांगेल.

जेवणाबद्दल सगळेच बोलतात, तरी सांगतो. फळा-भाज्यांवर पडलेला उजेड पृष्ठभागावरून नुसता परतत नाही, थोडा आत झिरपून बाहेर येतो. म्हणून ते खावंसं वाटतं. कचऱ्यातल्या भाज्यांसाठी तर टीमने खऱ्या भाज्या कुजवून त्यांचे फोटो काढले होते. शेवटच्या पदार्थाची, म्हणजे रॅटाटुईची, मांडणी शेफ थॉमस केलर यांची. वांगं, झुकिनी, टोमॅटोच्या पातळ चकत्या, पण मूळ पदार्थ अगदी साधा, गावाकडची भाजीच म्हणा ना. चीज आणि स्ट्रॉबेरी एकत्र खाताना रेमीच्या भोवती रंगीत आकार नाचतात, ते अ‍ॅनिमेटर मिशेल गान्ये यांचं काम. थोरल्या एमिलला तेच चाखायला दिल्यावर त्याच्याभोवती जेमतेम दोन-चार ठिपके उमटतात. मी दर वेळी हसतो.

तक्रारही आहे. लिंग्विनी कुणाचा वारस हे कागदपत्रांचं प्रकरण ओढूनताणून आणलंय, आणि आचारीण कोलेटशी त्याचं प्रेम तर उरकूनच टाकलंय. पण समीक्षक अँटन ईगो पहिला घास घेतो आणि हातातलं पेन गळून पडतं, तिथे मी हे सगळं माफ करतो. पेन जमिनीवर आपटेपर्यंत चेहरा काहीच बोलत नाही, नुसते डोळे मोठे होतात. तोवर या माणसाची ताठ मान आणि लांब बोटं आपण इतकी पाहिलेली असतात की ती सैल पडलेली लगेच कळतात.

नावं सरकायला लागली की उठू नका. शेवटी एक शिक्का येतो: शंभर टक्के अस्सल अ‍ॅनिमेशन, मोशन कॅप्चर अजिबात नाही. बरणीतली ती मान कुणा नटाच्या अंगावर ठिपके चिकटवून हललेली नाही, टेबलापाशी बसून कुणीतरी फ्रेम फ्रेम करत हलवलीय.