वाचकांचे प्रश्न : गॉथमच्या सहा जादा बरोबऱ्या

मागील अंकात अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल साखळीविषयी, म्हणजे नॅशनल विमेन्स सॉकर लीगविषयी लिहिताना न्यू जर्सीतील गॉथम एफसी या क्लबच्या २०२३ च्या हंगामाचा ओझरता उल्लेख केला होता. २०२२ मध्ये बारा संघांत शेवटचा आलेला हा संघ पुढच्याच वर्षी विजेता ठरला, एवढेच तिथे म्हटले होते. त्या एका वाक्यावरून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : गुणतक्त्यात सहाव्या आलेल्या संघाला विजेतेपद मिळते, हे आमच्या गळी उतरत नाही. साखळीत ज्याचे गुण जास्त तो पहिला, हे शाहू स्टेडियमवर येणाऱ्या लहान पोरालाही ठाऊक असते. पहिल्या आलेल्या संघावर हा अन्याय नव्हे काय? (एक वाचक, कोल्हापूर)

आपल्याच शहरातले उदाहरण घेऊ. कोल्हापुरात केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, साखळी स्पर्धा वेगळी असते आणि बाद पद्धतीच्या चषक स्पर्धा वेगळ्या असतात; साखळी जिंकणाऱ्या तालमीच्या संघाने चषकही जिंकावा, असा आग्रह कोणी धरत नाही. अमेरिकेत या दोन गोष्टी एकापाठोपाठ एक जोडलेल्या आहेत. २०२३ मध्ये बारा संघांनी प्रत्येकी २२ सामने खेळले आणि पहिले सहा संघ बाद फेरीत गेले. त्यांतील पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरीत प्रवेश मिळाला, तर तिसऱ्याची गाठ सहाव्याशी आणि चौथ्याची पाचव्याशी पडली. ३७ गुणांसह पहिल्या आलेल्या सॅन डिएगो वेव्हला त्याबद्दल ‘शील्ड’ हा स्वतंत्र करंडक मिळाला. नियम पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत असल्यामुळे मी याला अन्याय म्हणणार नाही. मात्र सात महिने सातत्य राखणाऱ्या संघाच्या शील्डला तिथे जेवढा मान मिळतो, त्याहून अधिक मिळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडेही दोन्ही पद्धती होऊन गेल्या आहेत. इंडियन विमेन्स लीगच्या २०२२-२३ च्या हंगामात गोकुलम केरळने अहमदाबादला अंतिम सामन्यात किकस्टार्ट संघाला ५-० असे हरवून विजेतेपद मिळवले, तर पुढच्याच हंगामात घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवरील सामन्यांचे गुण मोजून ओडिशा एफसी विजेता ठरला.

परंतु मला आपले लक्ष तक्त्याच्या वरच्या टोकाकडे नव्हे, तर सहाव्या आणि सातव्या ओळीकडे वेधायचे आहे. गॉथमचे गुण ३१ होते आणि सातव्या आलेल्या ओरलँडो प्राइडचेही ३१ च. ओरलँडोने दहा सामने जिंकले होते, गॉथमने आठच. तरीही गोलफरकाच्या जोरावर गॉथम आत गेला आणि ओरलँडो बाहेर राहिला. दोन विजय कमी असूनही गुण सारखे कसे झाले? ओरलँडोने एकच सामना बरोबरीत सोडवला होता, गॉथमने सात. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, गॉथमने कॅन्सस सिटी करंटशी २-२ अशी बरोबरी साधली. तो सामना गॉथमने गमावला असता, तर आपण आज ओरलँडोविषयी बोलत असतो.

प्रश्न : एका वर्षात एवढा कायापालट कसा होतो? पैसा ओतला म्हणून, की प्रशिक्षक बदलला म्हणून? (एक वाचक, नाशिक)

आधी आकडे समोर ठेवू, कारण या हंगामाचे मर्म त्यांतच दडलेले आहे. २०२२ मध्ये गॉथमचे चार विजय, एक बरोबरी आणि सतरा पराभव होते. एकूण गुण १३. २०२३ मध्ये आठ विजय, सात बरोबऱ्या आणि सात पराभव, गुण ३१. म्हणजे अठरा गुण वाढले आणि त्यांपैकी बारा चार जादा विजयांचे, तर सहा जादा बरोबऱ्यांचे होते. विजयांची चर्चा सगळेच करतात. मला मात्र त्या सहा बरोबऱ्या अधिक बोलक्या वाटतात, कारण एरवी हरायचे सामने न हरणे हे संघ घडू लागल्याचे पहिले लक्षण असते आणि ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत कधीच येत नाही.

आता हे घडले कसे ते पाहू. २०२२ चा हंगाम संपल्यावर क्लबने हुआन कार्लोस आमोरोस या स्पॅनिश प्रशिक्षकांना नेमले. त्याआधी त्यांनी ह्यूस्टन डॅश या संघाचा तात्पुरता कारभार सांभाळला होता आणि त्या संघाला प्रथमच बाद फेरीत नेले होते. चेंडू आपल्या पायांत राखायचा आणि तो गेलाच, तर मागे न पळता तिथल्या तिथे प्रतिस्पर्ध्यावर दबाव आणून परत मिळवायचा, ही त्यांची पद्धत. ती अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण एकदा बसली की बचावफळीवरचा भार आपोआप हलका होतो. वर्षाच्या अखेरीस सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा मान त्यांनाच मिळाला.

दुसरा भाग खेळाडूंच्या निवडीचा. त्या काळी अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडूंची वाटणी ‘ड्राफ्ट’ पद्धतीने होत असे. संघ ठरलेल्या क्रमाने एकेका खेळाडूची निवड करत आणि निवडीचा हा हक्क आपसांत बदलूनही घेता येत असे. २०२४ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या नव्या करारानंतर ही पद्धत बंद झाली, आणि ते योग्यच झाले. कोणत्या शहरात काम करायचे हे खेळाडूने स्वतः ठरवायला हवे. पण जानेवारी २०२३ मध्ये ती लागू होती. गॉथमने पहिल्या क्रमांकाच्या निवडीचा हक्क तीन संघांमधील एका अदलाबदलीत सोडून दिला आणि त्यातून पोर्टलंडची यझमीन रायन मिळवली. दुसऱ्या क्रमांकाची निवड कॅन्सस सिटीला देऊन लिन विल्यम्सला आणले. विल्यम्सचे २०२२ चे जवळजवळ संपूर्ण वर्ष मांडीमागच्या स्नायूच्या दुखापतीत गेले होते. म्हणजे व्यवहारात जोखीम होतीच. पण याआधी तीन विजेतेपदे अनुभवलेली ही आघाडीपटू होती, आणि शेवटच्या आलेल्या संघाच्या खोलीत जिंकण्याची सवय असलेले माणूस असणे मोलाचे असते. चौथ्या क्रमांकाची निवड मात्र क्लबने स्वतःकडे ठेवली आणि फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाची जेना नाइस्वाँगर घेतली. ती मूळची मध्यरक्षक. आमोरोस यांनी तिला डाव्या बगलेवर बचावाला उभे केले, आणि त्या अनोळखी जागेवर खेळून तिने वर्षातील सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडूचा पुरस्कार मिळवला.

ऑगस्टमध्ये सिडनीला स्पेनने विश्वचषक जिंकला आणि त्या संघातील एस्तेर गोन्सालेस रिआल माद्रिद सोडून हंगामाच्या मध्यावर गॉथममध्ये दाखल झाली. बचावात केली ओ’हारा होती आणि तिच्या जोडीला कर्णधार अली क्रीगर. एकोणचाळीस वर्षांच्या क्रीगरने हा आपला शेवटचा हंगाम असल्याचे तो सुरू होण्यापूर्वीच जाहीर केले होते.

तेव्हा पैसा की प्रशिक्षक, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की दोन्ही होतेच, परंतु निर्णायक ठरले ते दोन हंगामांमधल्या हिवाळ्यात झालेले काम. निवडीचे हाती असलेले हक्क साठवून न ठेवता, त्यांच्या बदल्यात लगेच खेळू शकतील अशा अनुभवी खेळाडू घेण्याचे धैर्य क्लबने दाखवले.

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या संघात गोलरक्षक आहे. अंतिम सामन्याच्या शेवटी एक मध्यरक्षक गोलमध्ये उभी राहिल्याचे तिने कुठेतरी वाचले. राखीव गोलरक्षक नसते का? (एक पालक, पुणे)

राखीव गोलरक्षक बाकावर असते, पण तिला मैदानात आणायला बदली शिल्लक असावी लागते. गॉथमने आपले सगळे बदल वापरून टाकले होते.

प्रसंग नीट सांगतो, कारण तो आपल्या मुलीच्या जागेशी निगडित आहे. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी सॅन डिएगोच्या स्नॅपड्रॅगन स्टेडियममध्ये पंचवीस हजारांवर प्रेक्षकांसमोर गॉथम आणि सिॲटलचा ओएल रेन यांच्यात अंतिम सामना झाला. दोन मोठ्या खेळाडूंचा हा निरोपाचा सामना होता : इकडे क्रीगर आणि तिकडे मेगन रपिनो. रपिनोचा पाय पहिल्या काही मिनिटांतच, कोणाचा धक्काही न लागता, टाचेवरच्या स्नायुबंधातून गेला आणि तिला बाहेर जावे लागले. २४ व्या मिनिटाला मिज पर्सने उजवीकडून बचावपटूंना चकवत दिलेल्या पासवर विल्यम्सने गोल केला. पाच मिनिटांत रोझ लव्हेलने रेनला बरोबरी साधून दिली. पूर्वार्धाच्या भरपाई वेळेत पर्सने कॉर्नर घेतला आणि गोन्सालेसने हेडर मारून २-१ अशी आघाडी मिळवून दिली. दोन्ही गोल पर्सच्या पासवर झाले, म्हणून सामन्याची मानकरीही तीच ठरली.

उत्तरार्धाची भरपाई वेळ संपत आली असताना गॉथमची गोलरक्षक मँडी हॉट पुढे धावून आली आणि पेनल्टी क्षेत्राच्या रेषेबाहेर चेंडू तिच्या हाताला लागला. पंचांनी चित्रफीत पाहून लाल कार्ड दाखवले. संघात दहाच जणी उरल्या. तेव्हा नीली मार्टिन या मध्यरक्षकाने गोलरक्षकाचा सदरा चढवला, हातमोजे घातले आणि ती दोन खांबांमध्ये जाऊन उभी राहिली. फ्री किक क्षेत्राच्या अगदी कडेवरून होती आणि ती घेणार होती लव्हेल, म्हणजे रेनची सर्वांत धारदार डावखुरी. तिचा फटका भिंतीला लागला आणि मार्टिनला चेंडूला हातही लावावा लागला नाही.

आपल्या मुलीला यातून दोन गोष्टी सांगाव्यात. पुढे धावून येणे ही चूक नव्हती. आघाडी एकाच गोलची असताना गोलरक्षकाला तसे यावेच लागते, फक्त पेनल्टी क्षेत्राची रेषा पायांखाली कुठे आहे याचे भान हवे आणि रेषेबाहेर पायानेच चेंडू काढायला हवा. आणि भिंत उभी करणे हेही गोलरक्षणच आहे. नवखी गोलरक्षक मागे असताना त्या भिंतीतल्या खेळाडू जागच्या हलल्या नाहीत, हे मला त्या क्षणी सर्वांत मोलाचे वाटले.

प्रश्न : प्रामाणिकपणे सांगा, हा नशिबाचा खेळ नव्हता का? (एक वाचक, पणजी)

थोडा होता. उपांत्यपूर्व फेरीत गॉथमने नॉर्थ कॅरोलिना करेजला २-० असे हरवले, तेव्हा करेजची केरोलिन ही त्या वर्षीची साखळीतील सर्वोत्कृष्ट खेळाडू दुखापतीमुळे मैदानाबाहेर होती. पण उपांत्य सामना पोर्टलंड थॉर्न्सच्या मैदानावर झाला. ९० मिनिटांत गोल झाला नाही आणि अतिरिक्त वेळेत, १०७ व्या मिनिटाला, कॅटी स्टेंगलने तो केला. परक्या मैदानावर इतका वेळ गोल न देता टिकून राहणे याला मी नशीब म्हणणार नाही. ही त्या सात बरोबऱ्यांत कमावलेली सवय होती.

शिवाय या क्लबचा इतिहासच विलक्षण आहे. स्काय ब्लू एफसी या जुन्या नावाने त्याने २००९ मध्ये, डब्ल्यूपीएस या तेव्हाच्या साखळीत, पहिले विजेतेपद जिंकले, तेव्हाही तो चार संघांच्या बाद फेरीत चौथा म्हणून आला होता. बचावपटू क्रिस्टी रॅम्पोन त्या हंगामातील तिसरी प्रशिक्षक होती आणि प्रशिक्षकपद सांभाळत स्वतः खेळतही होती. ती त्या वेळी गरोदर होती, हे संघाला नंतर कळले. २०२३ मध्ये सहा संघांत सहावा. आणि २०२५ मध्ये, बाद फेरी आठ संघांची झाल्यावर, आठव्या क्रमांकाने येऊन गॉथमने अंतिम सामन्यात वॉशिंग्टन स्पिरिटला १-० असे हरवले. त्या सामन्यातला गोल रोझ लव्हेलचा होता. ज्या लव्हेलची फ्री किक भिंतीने अडवली होती, ती आता गॉथमकडून खेळत होती.

प्रश्न : आम्ही एडिसनला राहतो. शेजारच्या पिस्कॅटवेमध्ये स्काय ब्लूचे सामने होत असत, ते आम्ही एकदोनदा पाहिलेही होते. तोच हा क्लब का? आणि आता मुलींना घेऊन सामन्याला कुठे जावे? (एक वाचिका, न्यू जर्सी)

होय, तोच. रटगर्स विद्यापीठाच्या यरकॅक फील्डवर आपण जो संघ पाहिलात, त्याचे २०२१ मध्ये गॉथम असे नामकरण झाले. आपण २०१८ च्या सुमारास गेला असाल, तर फार वाईट काळ पाहिलात. त्या वर्षी २४ सामन्यांत एकच विजय मिळाला आणि तोही शेवटच्या सामन्यात. मैदानावर खेळाडूंना स्नानाची सोय नव्हती, राहण्याच्या जागांची दुर्दशा होती, आणि हे सारे त्याच वर्षी जाहीरपणे बाहेर आले. पुढच्या ड्राफ्टमध्ये निवडलेल्या दोघींनी तर या क्लबशी करार करण्यासच नकार दिला. नाशिकच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात मी २०२२ च्या हिवाळ्यापासून सुरुवात केली, पण खरे तर पाया त्याआधीच बदलू लागला होता : २०१९ मध्ये काही सामने हॅरिसनच्या मोठ्या स्टेडियमवर खेळवले गेले आणि नंतर क्लब तिथेच स्थिरावला. ज्या क्लबकडे यायला खेळाडू तयार नव्हत्या, त्याच क्लबकडे चार वर्षांनी विश्वविजेत्या स्पेनची आघाडीपटू आपणहून आली, ही मला त्या करंडकाइतकीच मोठी गोष्ट वाटते.

हॅरिसनचे ते मैदान पूर्वी रेड बुल अरेना म्हणून ओळखले जाई. आता त्याचे नाव स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड स्टेडियम आहे. तिथे सुमारे पंचवीस हजार प्रेक्षक बसू शकतात आणि संपूर्ण प्रेक्षागारावर छप्पर असल्यामुळे पावसाची फारशी चिंता नसते. एडिसनहून एनजे ट्रान्झिटच्या गाडीने नेवार्क पेन स्थानकावर उतरावे आणि तिथून पाथ गाडीने पुढचेच हॅरिसन स्थानक गाठावे. स्टेडियम तिथून चालत जाण्याइतके जवळ आहे. मुली लहान असतील, तर सामन्यापूर्वी तासभर आधी पोहोचा, म्हणजे खेळाडूंचा सराव अगदी जवळून पाहता येईल.