वाचक विचारतात: तुइची नदीवर चुकलेल्या वाटा

बोलिव्हियातल्या तुइची नदीच्या जंगलात १९८१ साली चौघं उतरले होते: इस्रायलचा योसी गिन्सबर्ग, अमेरिकेचा केव्हिन गेल, स्वित्झर्लंडचा मार्कस आणि त्यांना घेऊन गेलेला ऑस्ट्रियन वाटाड्या. त्यांतले दोघंच परतले. गिन्सबर्गची आठवणवजा हकिगत वाचून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न घेत आहोत.

चौघं एकत्र राहिले असते तर सगळे वाचले असते का?

ते सांगता येणार नाही, पण फुटण्याची वेळ का आली ते स्पष्ट आहे. मार्कसच्या पायांची चाळण झाली होती, चालणं होत नव्हतं. म्हणून तराफा बांधला. तो पाण्यात गेल्यावर वाटाड्याला पोहता येत नाही हे उघड झालं. नदीवरच्या मोहिमेत हे पहिल्याच दिवशी विचारायचं असतं. शेवटी वाटाड्या आणि मार्कस पायी निघाले, बाकीचे दोघं तराफ्यावर. पायी गेलेल्यांचा पुढे पत्ता लागला नाही.

गट तोडावाच लागला तर एकट्या माणसाला कधीही वेगळं काढू नका. प्रत्येक तुकडीकडे स्वतःचा सुरा, आग पेटवायचं साधन, नकाशा आणि अन्न हवं. कोण कुठल्या वाटेने जाणार, कुठे पोचणार आणि कोणत्या तारखेनंतर शोध सुरू करायचा, हे लिहून दोन्हीकडे ठेवा. त्याची एक प्रत निघण्याआधीच शेवटच्या गावात द्या. तारीख नसेल तर बाहेरचे लोक ‘येतील आज-उद्या’ म्हणत वाट बघत बसतात.

तराफा खडकावर अडकला तर सोडवता का येत नाही?

पाण्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. तराफा आडवा होऊन खडकाला टेकला की तो दाब पूर्ण लांबीवर बसतो आणि दोन माणसांच्या ताकदीने काही हलत नाही. सान पेद्रोच्या घळीच्या तोंडाशी हेच झालं. केव्हिन काठाला लागला, मग तराफा सुटला आणि योसीला घेऊन घळीत शिरला. बाल्साचं लाकूड हलकं असतं, तरंगतं छान, पण लाकडाच्या तराफ्याला खळाळात वळवणं जवळजवळ अशक्यच. म्हणून पाण्याचा घोष ऐकू आला की लगेच काठाला लागायचं आणि पुढचा टप्पा पायी जाऊन बघायचा. पाण्यात पडलातच तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवा. वेगाच्या पाण्यात उभं राहू नका. पाऊल दगडात अडकलं की प्रवाह माणसाला पालथा पाडून खाली दाबतो. लायटर, शिट्टी, सुरा या वस्तू सामानात नव्हे, अंगावर हव्यात.

पायांची एवढी दुर्दशा कशाने होते? त्या चिखल्याच का?

नाही. चिखल्या म्हणजे बोटांच्या बेचक्यांतला संसर्ग. इथे संपूर्ण तळवा भिजून पांढराफटक आणि सुरकुतलेला होतो, मग सोलवटतो. उष्ण जंगलात सलग दोन-तीन दिवस पाय ओले राहिले तरी पुरतं. थंड पाण्यात तर याहून लवकर, आणि तिथे नसांनाही इजा होते. वॉटरप्रूफ बूट इथे उलटे पडतात: वरून शिरलेलं पाणी आतच राहतं. निचऱ्याची भोकं असलेले बूट बरे. दिवसभर पाय ओले राहणारच हे धरून चाला, पण रात्रीचे सात-आठ तास ते कोरडे राहिलेच पाहिजेत. मोज्यांची एक जोडी फक्त झोपण्यासाठी बंद पिशवीत ठेवा, आणि सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलेच मोजे पुन्हा चढवा. दुखरा पाय चोळू नका, शेकू नका.

कातडीखाली अळी वाढते, हे खरं?

खरं. बॉटफ्लाय ही माशी डास पकडून त्याच्या पोटाला अंडी चिकटवते. डास माणसाला चावायला बसला की अंगाच्या उबेने अळी बाहेर येते आणि कातडीत शिरते. ती पाच ते दहा आठवडे तिथे राहते. मधोमध बारीक छिद्र असलेलं, पाझरणारं, आतून टोचणारं गळू ही तिची खूण. दाबून काढू नका. अळीच्या अंगावर काट्यांची वलयं असतात. ओढताना अळी तुटली तर आत राहिलेला भाग चिघळतो. छिद्रावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर काही तास ठेवला की श्वासासाठी ती वर येते, तेव्हा चिमट्याने हळूच ओढायची. जंगलात असताना मात्र खुशाल राहू द्या. त्या घडीला ती तुमची सगळ्यात लहान अडचण असेल.

जॅग्वारला हुसकवायला कीटक पळवणाऱ्या फवाऱ्याच्या डब्यापुढे लायटर धरून ज्वाळा काढणं कितपत शहाणपणाचं?

गिन्सबर्गने ते केलं आणि निभावलं. तुम्ही करू नका: डबा हातात फुटू शकतो. जॅग्वार माणसावर क्वचितच हल्ला करतो. पळू नका, पाठ फिरवू नका. हात वर करून मोठे दिसा, ओरडा आणि सावकाश मागे सरका.

हरवल्यावर नदी धरून चालावं की थांबावं?

तुम्ही कुठे आहात हे बाहेर कुणाला ठाऊक असेल तर थांबा. नदीकाठ सोपा वाटतो, पण दाट झाडोरा, उभे कडे आणि येऊन मिळणारे ओढे यांत दिवस सरतो आणि अंतर कापलं जात नाही. शिवाय डिसेंबरमध्ये तिथे पावसाळा असतो, रात्रीत पाणी चढतं. काठावरच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा मागच्या पुराची पातळी दाखवतो. मुक्काम त्याच्या वर हवा. दिवसा मात्र उघड्या वाळूवर किंवा गोट्यांच्या पट्ट्यावर दिसत राहा. झाडीखालचा माणूस विमानातून दिसत नाही. केव्हिनने शोधासाठी विमानही नेलं होतं, पण योसी सापडला तो जवळपास तीन आठवड्यांनी, नदीकाठी, तिको तुदेला या स्थानिक नावाड्याच्या होडीतून.

माकडं खातात ती फळं चालतील ना?

नाही. त्यांना पचणारी काही फळं माणसाला विषारी असतात.