वाचकांचे प्रश्न : जुना १२० रोलचा कॅमेरा घेताना

प्रश्न : माझं बजेट २० हजार रुपये आहे. गावातले एक जुने स्टुडिओवाले यशिका मॅट १२४ जी हा वर-खाली दोन लेन्सचा कॅमेरा विकताहेत. तेवढ्याच पैशात ऑनलाइन मामिया आरबी ६७ची नुसती बॉडी दिसते. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे आणि आमच्याकडचे जुने वाडे टिपायचे आहेत. कोणता घेऊ?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : यशिका घ्या, पण तपासून. आरबीची नुसती बॉडी म्हणजे अर्धाच सौदा. तिचं शटर लेन्समध्ये असतं, शिवाय रोल बसवायची बॅक आणि वरून बघायचा फाइंडर वेगळा लागतो. सगळं जोडल्यावर वजन अडीच किलोच्या पुढे जातं. वाड्यांसाठी ट्रायपॉडवर ती उत्तम, पण यात्रेच्या गर्दीत दिवसभर गळ्यात घालून फिरणं कठीण. यशिकात १२०च्या, म्हणजे साधारण सहा सेंटिमीटर रुंद, एका रोलवर ६ × ६ सेंटिमीटरचे १२ फोटो बसतात आणि ८० मिमी एफ ३.५ लेन्स कायमची जोडलेली असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. २० पैकी ५ हजार मात्र सर्व्हिसिंग आणि पहिल्या रोलांसाठी बाजूला ठेवा. कॅमेऱ्यावरच सगळे संपले, तर तो कपाटातच राहतो.

स्टुडिओवाल्यांकडे उजेडात, सावकाश बसा. आधी शटर. वेग १ सेकंदावर लावा, क्रँक (बाजूचा दांडा) पुढे फिरवून मागे घ्या आणि शटर सोडा. घरघर एकसारखी चालून संपली पाहिजे. मध्येच अडखळली, तर आतलं वंगण सुकलंय. १, १/२, १/४ हे वेग प्रत्येकी दहा वेळा चालवा, कारण पहिल्या खेपेला अडकणारं शटर पाचव्या खेपेला मोकळं होतं आणि आठवडाभर पडून राहिलं की पुन्हा अडकतं. पहिली खेप कशी गेली, ते लक्षात ठेवा. मधले वेग मोबाइलवर मोजता येतात : पाठ उघडून, सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये लेन्सचा व्हिडिओ घ्या. १/३० ला शटर साधारण ८ फ्रेम उघडं दिसेल, १/६० ला ४. सेल्फ टायमरचा खटका ओढून पाहू नका. जुन्या शटरमध्ये तो अडकला की शटरच अडकतं.

शटरच्या पात्यांवर तेलकट चमक आहे का, तेही पाहा. आपल्याकडे हा दोष विशेष बघावा. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात कॅमेरा पडून राहिला की आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांपर्यंत उतरतं आणि पाती चिकटतात. दुरुस्त होतं, पण किंमत ठरवताना ते धरा.

मग शटर बी वर (बटण दाबलंय तोवर उघडं राहतं) धरून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. फोटो खालच्या लेन्समधून उतरतो, त्यामुळे तिथे मध्यभागी बुरशी असेल तर सौदा सोडा. तिने काच खाल्ली असली की साफ करूनही उन्हासमोरचे फोटो फिके येतात. वरच्या, बघायच्या लेन्समधली बुरशी चित्रात उतरत नाही. भाव पाडायला ती चालेल.

फोकस बहुतेक जण तपासत नाहीत. फिल्म जिथून जाते त्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. बटणाला लावायच्या केबलने शटर बी वर उघडं ठेवा, छिद्र एफ ३.५, म्हणजे पूर्ण मोठं. लांबचा टॉवर वरच्या, बघायच्या काचेत स्पष्ट करा. ट्रेसिंग पेपरवरही तो तेवढाच स्पष्ट हवा. तेच एक मीटरवरच्या छापील कागदावर करा. जुळलं नाही, तर कुणीतरी लेन्स खोलून चुकीची बसवली आहे.

मागच्या झाकणातली दाबपट्टी १२०च्या खुणेवर असू द्या. २२०ची (दुप्पट लांब रोलची) खूण आता जवळपास निरुपयोगी आहे. उजेड मोजणारा मीटर चालत नसेल तर काळजी नको. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलेला, आणि ते सेल आता मिळत नाहीत. १.५ व्होल्टचा सेल घातला की काटा जास्त उजेड दाखवतो आणि निगेटिव्ह पातळ येते. मोबाइलचा मीटर वापरा.

घोड्यांबद्दल : वरून पाहताना चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे पळत्या घोड्यामागे कॅमेरा नेमका उलट दिशेला वळतो. हुडचं पुढचं झापड आत दाबलं की थेट बघायची चौकट मिळते, ती वापरा. ४०० आयएसओचा रोल, १/५००, एफ ११ आणि फोकस आधीच ५ मीटरवर. साडेतीन ते साडेआठ मीटरमधलं सगळं ठीक येतं.

प्रश्न : घरात आजोबांचा घडीचा कॅमेरा सापडला. रोल मिळेल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आतली रिकामी फिरकी मोजा. १२०ची फिरकी सहज बसली, तर मिळेल. ती किंचित मोठी पडत असेल तर कॅमेरा ६२०चा. फिल्म तीच, फिरकी बारीक, म्हणून अंधारात रोल दुसऱ्या फिरकीवर गुंडाळावा लागतो. मग अंधाऱ्या खोलीत भात्याच्या (लेन्समागच्या घड्यांच्या नळीच्या) आत टॉर्च लावा. घड्यांच्या कोपऱ्यांवर उजेडाचे ठिपके दिसले, तर भाता आधी दुरुस्त करा. मागच्या लाल खिडकीवर, नंबर पाहण्यापुरतं सोडून, काळी टेप ठेवा.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी इतकं तापतं की घरी रोल धुताच येत नाही. उपाय?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : माठाचं पाणी आणि टब. टबात माठाचं पाणी घ्या, बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोडा आणि डेव्हलपर, फिक्सरच्या बाटल्या अर्धा तास त्यात उभ्या ठेवा. एका १२० रोलला साधारण ५०० मिली द्रावण लागतं. एचपी ५ या कृष्णधवल रोलला पाणी न मिसळलेल्या डी-७६ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं. २४ अंशांना वेळ पाचेक मिनिटांवर येतो; त्याहून कमी वेळात आकाशासारख्या सपाट भागावर पट्टे उठतात. शेवटच्या धुण्याचं पाणीही त्याच टबात थंड करा. बहुतेकांचा रोल इथेच बिघडतो : २० अंशांच्या फिक्सरमधून काढून थेट तापलेल्या नळाखाली धरला की फिल्मवरचा थर सुरकुततो, आणि ती सुरकुती पुन्हा जात नाही.