परीकथेवरच्या चित्रपटात बदल केले तर ती मूळ कथेशी बेइमानी नाही का?

नायिकेचा रंग, स्वभाव, शेवट, हल्ली सगळंच बदलतात अशी तुमची तक्रार आहे. पण मूळ कथा म्हणजे नेमकी कुठली?

हिमगौरीचंच घ्या. राजपुत्राच्या चुंबनानं ती जागी होते हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, ते डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटामुळे. लोककथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंच्या कथेत चुंबन नाहीच. नोकर तिची काचेची शवपेटी वाहून नेताना ठेचकाळतात, हिसका बसतो आणि घशातला विषारी सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. (मला हाच शेवट आवडतो. पराक्रमाचं श्रेय कुणाला द्यावं लागत नाही.) बरं, ग्रिम तरी कुठे एका शब्दावर ठाम होते? १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली! सख्खी आई अशी वागते हे मुलांच्या पुस्तकात छापणं जड गेलं असावं.

जलपरीचं तर विचारूच नका. डॅनिश लेखक अँडरसनच्या १८३७ च्या कथेत राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो. डिस्नेच्या १९८९ च्या चित्रपटानं थेट जलपरीशीच त्याचं लग्न लावून दिलं. कथेचा आत्माच बदलला, पण तो चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. २०२३ च्या नव्या चित्रपटात जलपरीच्या भूमिकेत कृष्णवर्णीय हॅली बेली आली, तेव्हा मात्र अनेकांना एकदम अँडरसन आठवला.

म्हणजे जुनं ते मागास आणि नवं ते पुढारलेलं, असंही नाही. कार्मेन फॉट आणि कॅरेन आयझेनहाउअर या भाषाअभ्यासकांनी डिस्नेच्या राजकन्यापटांतले संवाद मोजले. १९५० च्या ‘सिंड्रेला’त सुमारे ६० टक्के बोलणं स्त्रियांच्या वाट्याला आहे. १९८९ च्या जलपरीत पुरुषांच्या वाट्याला ६८ टक्के! नायिका बंडखोर केली, पण खेकडा पुरुष, सीगल पुरुष, आचारीही पुरुष, आणि खुद्द तिचा आवाज चेटकिणीकडे गहाण. बंडखोरी दिसते पटकन, ही गर्दी मात्र मोजल्याशिवाय लक्षात येत नाही.

या चित्रपटांमागचे हात कुणाचे होते तेही पाहा. १९३८ मध्ये डिस्नेनं एका अर्जदार तरुणीला लेखी कळवलं होतं की चित्रपटाचं सर्जनशील काम स्त्रिया करत नाहीत, ते तरुण पुरुषच करतात. स्त्रियांना काम होतं ते मुख्यतः पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांवर रेषा गिरवण्याचं आणि रंग भरण्याचं.

तरीही तुमचा वैताग अगदीच निराधार नाही. काही बदल नुसते वरवरचे असतात. २००९ मध्ये डिस्नेनं पहिली कृष्णवर्णीय राजकन्या आणली, टियाना. आणि चित्रपटाचा बराचसा वेळ ती बेडकी होऊन उड्या मारते.